ओढ्याकाठचा तपास

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या शिष्येसह, मुक्तासह, तालुक्याच्या गावी रुग्णालय चालवीत होते. तेथे मगदूम नावाच्या कोंबड्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीला, अक्काताईंना, आणले. लघवीचा संसर्ग रक्तात उतरला होता. मुक्ताने नेहमीचे प्रतिजैविक दिले, मग त्याहून प्रखर दिले, ताप हटेना.

तपासणीत एकच औषध लागू पडेल असे निघाले. त्याचे इंजेक्शन सुरू करून डॉक्टर मगदुमांना म्हणाले, "चला, तुमची कोंबड्यांची शेड पाहू."

मुक्ता गोंधळली. "सर, रुग्ण तर इथे आहे."

"तिच्याजवळ सिस्टर आहेत. तू चल."

डॉक्टरांनी शेडमधली विष्ठा, गटाराचे पाणी, खालचा ओढा आणि त्याच्या पाण्यावर मळ्यात पिकणारी पालकाची भाजी या सर्वांचे नमुने घेतले. काही दिवसांनी निष्कर्ष आले. सगळीकडे, अक्काताईंना लागू न पडलेल्या त्याच औषधांना न जुमानणारे जंतू होते. तोवर अक्काताई उठून बसू लागल्या होत्या.

"पण हिनं असली गोळी कधी घेतलीच नाही," मगदूम म्हणाले.

"तुमच्या कोंबड्यांनी?"

"त्यांच्या खाद्यात ते औषध घालतो. रोग येऊ नये म्हणून. सगळेच घालतात."

डॉक्टर शांतपणे बोलले, "रोज थोडे औषध मिळाले की दुर्बळ जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. औषध पचवण्याची ही विद्या ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देतात. शेड, ओढा, मळा, माणसाचे पोट ही नावे आपण दिली. जंतूंच्या लेखी ती एकच वस्ती आहे. म्हणून, मुक्ता, रुग्ण खाटेवर असला, तरी आजाराचे घर त्याहून मोठे असते."

दुसऱ्या दिवशी मगदुमांनी डॉक्टर आणि मुक्ता दोघांना शेडवर बोलावले. औषधाचे उरलेले डबे त्यांनी बाहेर काढून ठेवले होते. "आजपासून बंद," म्हणत त्यांनी एका डब्याचे झाकण उघडले आणि ते गटाराकडे निघाले.

डॉक्टर काही बोलणार, तोच मुक्ताने पुढे होऊन डबा धरला.

"काका, पाण्यात नको. रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर जाळायला पाठवू."

मगदुमांनी डबा तिच्या हाती दिला. उरलेले डबे उचलून डॉक्टर तिच्यामागून गाडीकडे चालू लागले.