दुसरा तुकडा

"अजून पाठवा म्हणजे? कुठून पाठवू?"

भिंतीवरच्या स्पीकरमधून सर्जन डॉ. तांबोळी विचारत होते. वरच्या मजल्यावर एका माणसाची पाठ उघडून ते थांबले होते. मज्जारज्जूत गाठ होती. साधी असेल तर सगळी काढायची. वाईट असेल तर हात आवरायचा आणि टाके घालायचे. ते ठरवण्यासाठी गाठीचा मोहरीएवढा तुकडा खाली तळघरातल्या प्रयोगशाळेत आला होता.

तो तपासणाऱ्या डॉ. नाडगौडांना सुवर्णपदक मिळालं होतं. ते स्वतः विसरले नव्हते आणि इतरांना विसरण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

"तुकडा अपुरा आहे," नाडगौडा म्हणाले. "निदान होणार नाही."

"साहेब, हा मज्जारज्जू आहे. कोथिंबीर नाही, थोडी वर घालून द्यायला. हे पेशंट, खटावकर, शिंपी आहेत, पायमशीन चालवतात. इथून आणखी काढलं तर पायांचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

"अंदाजपंचे उत्तर मी देत नसतो."

"पाठवतो," तांबोळी म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून डॉ. कारखानीस मॅडम उठल्या. नाडगौडा त्यांचेच विद्यार्थी. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

"अपुरा नव्हता रे. चिरडलायस. दोन काचांमध्ये तुकडा नुसता पसरायचा असतो. अंगठा किती दाबलास?"

नाडगौडांनी पुन्हा पाहिलं. पेशी नव्हत्याच. नुसत्या ओढलेल्या जांभळ्या रेघा होत्या.

त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. "सर, थांबा... घेऊ नका..."

"घेतला की. निघालाय खाली."

तुकडा आला. पहिल्यापेक्षा लहान होता.

"मॅडम, हा तुम्ही करा."

"तू कर."

"माझा हात थरथरतोय."

"दिसतंय. कर."

नाडगौडांनी तुकड्यावर काच ठेवली. झोपलेल्या पोरावर पांघरूण टाकावं तशी. मग हलकेच सरकवली. रंग दिला. पाहिलं. बाजूला झाले.

मॅडमनी पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"सर, साधी गाठ आहे," नाडगौडा स्पीकरला म्हणाले. "सगळी काढता येईल."

"काढतो. अंदाजपंचे नाही ना?"

"नाही सर."

"छान. इथे मॉनिटरवर डाव्या पायाचे संकेत यायचे थांबलेत. हा दुसरा तुकडा घेतला तेव्हाच. परत येतील, नाहीतर येणार नाहीत."

स्पीकर बंद झाला.

नाडगौडांनी पहिली, चिरडलेली काच उचलून उजेडाशी धरली. मॅडम बेसिनशी हात धूत होत्या.

"मॅडम... तुमचा हात मुरलेला. मी एक तुकडा वाया घालवलेला. हाही चिरडला असता तर त्या माणसाकडे आणखी द्यायला काही नव्हतं. तरी माझ्याकडेच का दिलात?"

मॅडमनी नळ बंद केला. ओल्या हातांकडे पाहिलं. ते अगदी स्थिर होते.

"पहिला तुकडा चिरडलास, तेव्हा तुझाही हात असाच स्थिर होता. दुसऱ्या वेळी या खोलीत भ्यालेला हात तुझा एकट्याचाच होता."