बावीस चुलींचा धूर

मी दुधात पाणी घालायला लागले, त्याला आता पंधरा दिवस झाले. फार नाही, अर्धा पेला. ह्यांची नोकरी सुटल्यापासून मी बऱ्याच गोष्टी शिकले आहे. डाळीला चांगली उकळी आली की गॅस बंद करून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवते. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरते. खरं सांगायचं तर या सगळ्याचा मला थोडा गर्वच वाटायला लागला होता. पण ते दुधातलं पाणी मनातून जाईना. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी घर वाचवतेय की तनूच्या तोंडचं काढतेय? शिकलेली बाई मी, पण हे ओळखायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी तांदूळ निवडताना मी तनूला चिमाईची गोष्ट सांगितली. आईच्या माहेरगावची गोष्ट. काटकसर म्हणजे काय ते पोरीला लहानपणीच कळावं, असा माझा विचार. सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, हे मला अर्ध्यावर आल्यावर उमगलं. पण अर्ध्यावर गोष्ट सोडली तर तनू जेवत नाही. म्हणून मग मावशीने मला सांगितली तशी, पुरती सांगितली.

फार फार मागे, कुसळवाडीच्या माळावर बाभळी जास्त आणि माणसं कमी होती तेव्हा, गावाबाहेरच्या टेकाडावर चिमा कुंभारीण राहत असे. नवरा तापाने गेलेला. घरात ती आणि तिची तान्ही ठकू. चिमा मडकी घडवायची, गावाला पुरवायची, आणि सुगीला गाव तिच्या पदरात जोंधळा घालायचं. एवढ्यावर दोघींचं चालायचं.

चिमाच्या हातून काही वाया जात नसे, असं म्हणतात. ती एका जाळावर दोन भांडी शिजवायची. स्वयंपाक झाला की जळती लाकडं बाहेर ओढून विझवायची आणि तोच कोळसा दुसऱ्या दिवशी वापरायची. तेलाच्या बुधलीत पिठाची चिमूट टाकून बुधली पुसून घ्यायची. आणि रोज दळायला बसण्याआधी सुपातल्या जोंधळ्यातली एक मूठ बाजूला काढायची. मूठ गेल्याचं सुपाला कळत नाही, पोटालाही कळत नाही, असं ती सांगायची. भाजताना वाकडी झालेली, कुणी न घेतलेली मडकी तिच्याकडे पडून असत. त्यांत राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ती हे धान्य भरायची आणि शेणमातीने तोंड लिंपून टाकायची.

आधी बायका हसल्या. लोहाराची गिरजा सगळ्यांत जास्त.

"तुझ्या मडक्यात उंदरं बाळंत व्हतील गं चिमे," ती म्हणायची. "बारशाला बोलव म्हंजे झालं."

"बोलवीन की. येताना तुझी एक मूठ घिऊन ये," चिमा म्हणायची.

हसता हसता गिरजा खरंच एक मूठ घेऊन आली. मग तिची जाऊ आली. मग वाणीण आली, चांभाराची म्हातारी आली. वर्षभरात गावातल्या बाविसाच्या बावीस घरांतून रोज एक मूठ टेकाडावर जायला लागली. तीन वर्षं गेली. चिमाच्या घरात मडक्यावर मडकं चढून आढ्याला टेकलं.

चौथ्या वर्षी पाटील टेकाडावर आला. म्हणाला, "एवढं धान्य कोंडून काय त्याची पूजा करणार हायेस? औंदा जत्रेला गाव जेवू दे."

चिमा म्हणाली, "जत्रेला भूक असतीच पाटील, पर ती जेवायची भूक. ही मडकी दुसऱ्या भुकेची हायेत."

"आन् ती भूक आल्याली तुला कळणार कशी?" गिरजाने विचारलं. "सांगावा धाडून येणार हाय व्हय?"

सगळ्या बायका हसल्या. चिमा हसली नाही. तिने टेकाडावरून खाली बोट दाखवलं. तिथून प्रत्येक घराचं छप्पर दिसायचं आणि प्रत्येक छपरातून निघणारा धूर.

"माझी धरून बावीस चुली," ती म्हणाली. "ज्या दिशी यातली एकबी पेटायची न्हाई, त्या दिशी मडकी फुटतील. त्याच्या आधी कुणी हात लावंल, मग ती मी का असंना, तिचा हात झडो."

भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून तिने शपथ घेतली. बायकांनीही घेतली.

नियम मला अजूनही चांगलाच वाटतो. मी असते तर मीही असाच काहीतरी नियम केला असता, आणि वर फ्रीजवर लिहून चिकटवला असता.

मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या सालात विहिरींच्या तळाशी पाल फिरताना दिसायला लागली, असं म्हणतात. कावळेसुद्धा गाव सोडून गेले. कणगीतलं धान्य संपलं, मग बियाणं संपलं, मग बाभळीच्या शेंगा संपल्या.

चिमा रोज सकाळ-संध्याकाळ टेकाडावर उभी राहून धूर मोजायची. रोज बावीस.

तिच्या स्वतःच्या घरातला शेवटचा दाणा संपून आता बरेच दिवस झाले होते. पण खाली एकवीस चुली पेटत होत्या. म्हणजे गावात अजून काहीतरी शिजत होतं. भूक होती ती एकट्या चिमाच्या घरातली, आणि एका घराच्या भुकेसाठी गावाचं मडकं कसं फोडायचं? लोक म्हणाले असते, तीन वर्षं मुठी मागितल्या त्या आपल्या पोरीसाठी. म्हणून तिनेही चूल पेटवली. चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं, वर झाकण ठेवलं, आणि रिकाम्या काठवटीत हात थापायला लागली. भाकरी थापल्याचा आवाज खालपर्यंत जावा म्हणून.

"आये, भाकर?" ठकू विचारायची.

"होतीया."

"किती येळ?"

"पाणी उकळलं की झाली बघ."

ठकू वाट बघत बसायची. बसल्या बसल्या भिजवलेल्या मातीत बोट बुडवून चाटायची. माती गोड लागते, असं म्हणायची. चिमा तिला रागवायची, मग तोंड फिरवायची.

शेवटी शेवटी ठकू भाकर मागेनाशी झाली. मडक्यांच्या उतरंडीला टेकून बसून राहायची. आणि चिमा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन धूर मोजायची. त्या दिवसांत तिने देवाकडे पाऊस मागितला नाही, असं म्हणतात. तिने मागितलं ते एवढंच, की उद्या गावात धूर नसू दे.

एका सकाळी चिमाचा विस्तव विझला. ती टेकाड उतरून गिरजाच्या दारात गेली. आतून थापण्याचा आवाज येत होता. हाक मारल्यावर गिरजा उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

"विस्तव दे गं."

"हितंच थांब. आनते."

तिने घाईघाईने निखारा आणला आणि खापरीत टाकला. टाकताना तिचा हात चिमाला दिसला. आत्ता भाकरी थापून उठलेल्या बाईचा हात, आणि त्याला पिठाचा कण नव्हता. तळवा नुसता लाल झाला होता.

चिमाने खापरी खाली ठेवली. गिरजाला बाजूला सारून ती आत गेली आणि चुलीवरचं झाकण उचललं. आत पाणी उकळत होतं.

"बघितलंस?" गिरजा भिंतीला टेकून म्हणाली. तिच्या आवाजात जुनी धार आणायचा प्रयत्न होता, पण ती आली नाही. "जा आता. गावभर सांगून ये."

चिमाने आपला तळवा गिरजापुढे धरला. तोही तसाच लाल.

"किती दिस?" चिमाने विचारलं.

"सोळा. तुजा धूर निघत हुता. म्हनलं, कुंभारणीच्या घरात शिजतंय, वाण्याकडं शिजतंय. आपल्याच चुलीनं गावात नाक का कापून घ्यावं?"

दोघी शेजारच्या घरात गेल्या. झाकण उचललं. पाणी. तिथली बाई त्यांच्याबरोबर निघाली. तिघी पुढच्या घरात गेल्या. पाणी. वाण्याच्या घरात पाणी. पाटलाच्या घरात तांब्याच्या पातेल्यात पाणी. चांभाराच्या म्हातारीच्या भांड्यात तर पाणीही नव्हतं, भांडं नुसतंच तापत होतं. एकवीस झाकणं उघडली. कुणी रडलं नाही, कुणी कुणाला बोल लावला नाही. एकमेकींच्या धुराकडे बघत त्या सोळा दिवस, वीस दिवस, कुणी महिनाभर उपाशी बसल्या होत्या, आणि तेवढ्या दिवसांत गावातून सहा तिरड्या उठल्या होत्या. प्रत्येक घराने सांगितलं होतं, पोरगं तापाने गेलं.

मग सगळ्या टेकाडावर धावल्या.

ठकू उतरंडीपाशीच होती. खालच्या मडक्याला मिठी मारून बसल्यासारखी. मडक्याच्या तोंडावरचं शेणमातीचं लिंपण एका जागी खरवडलेलं होतं, बोटभर खोल. तिच्या नखांत ती माती होती. आणखी थोडं खरवडलं असतं तर बोट आत गेलं असतं.

इथे मी थांबले. तांदळातले खडे शोधायला लागले. तनू म्हणाली, "मग?" म्हणून पुढे सांगितलं.

चिमाने तिला उचलून बाजूला निजवलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि पहिलं मडकं उंबऱ्यावर आपटलं. आपल्या हाताने तिने प्रत्येकीच्या पदरात मूठ-मूठ जोंधळा घातला. "आधी पोरं. मग बाप्ये. मग तुमी," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बायका आल्या, पुन्हा मुठी. रोज एक मडकं फुटायचं आणि गाव एक दिवस जगायचं.

असं म्हणतात की मडकी संपायला हवी होती तेव्हा संपली नाहीत. शेवटचं मडकं फोडलं, त्याच्या मागे आणखी एक निघालं. ते फोडलं, त्याच्या मागे आणखी एक. चिमाच्या मुठीतून पडणारा जोंधळा पदरात जाईपर्यंत दुप्पट व्हायचा. गिरजाच्या पोराने डोळे उघडले. पाटलाची आंधळी आई उठून बसली आणि म्हणाली, मला टेकाडावर उजेड दिसतोय.

चाळीस दिवस हे चाललं. त्या चाळीस दिवसांत चिमाला कुणी एक दाणा खाताना पाहिलं नाही. पण तिच्या घरातून सकाळ-संध्याकाळ धूर निघायचा आणि भाकरी थापल्याचा आवाज यायचा, म्हणून गाव निर्धास्त होतं. असं म्हणतात की ठकूबरोबर तिची भूकच निघून गेली होती. काही म्हणतात, रोज पहाटे भैरोबा स्वतः तिला दूध आणून द्यायचा.

एकेचाळिसाव्या दिवशी आभाळ फुटलं. गाव पावसात नाचत टेकाडावर गेलं, तर घर रिकामं. चूल कोमट होती. मागे मातीच्या खाणीकडे गेलेली पावलं होती, परत आलेली नव्हती. चिमा मातीत उतरली आणि माती झाली, असं म्हणतात. तेव्हापासून त्या खाणीच्या मातीचं कुठलंही मडकं घ्या, कुंभाराने आतून कितीही गुळगुळीत केलं तरी भाजल्यावर त्यात तळव्याचा ठसा उमटतो. मी लहानपणी हात घालून पाहिलाय. मला लागला होता. तेव्हा मी विज्ञान शिकले नव्हते.

कुसळवाडीत अजून घरोघरी रोजची मूठ काढतात. धान्य मडक्यात भरतात, पण मडक्याचं तोंड आता कुणी लिंपत नाही. फडकं बांधतात, तेही सैल, लहान मुलाचा हात आत जाईल इतकं. आणि वैशाखातल्या अमावस्येला गावातलं एकही दार लावलेलं नसतं. प्रत्येक बाई शेजारणीच्या घरात न विचारता शिरते आणि चुलीवरचं झाकण उचलून आत बघते. भरलेलं असेल तर झाकण परत ठेवते. नसेल तर एक मूठ ठेवते. यात बोलायचं काही नसतं, आणि कुणी रागवायचं नसतं. आता गॅस आले, कुकर आले. माझी मावशी शेजारणीच्या कुकरची वाफ जाऊ देते आणि मग उघडून बघते. नवी सून आली की तिला पहिल्या वर्षी हे अवघड जातं. पाटलांच्या घरीसुद्धा उघडून बघतात.

टेकाडावर चिमाईचं ठाणं आहे. तीन दगडांची चूल, तिच्यावर मडकं, मडक्यावर झाकण. त्या दिवशी सगळं गाव तिथे जातं. बायका झाकणावर हळदकुंकू वाहतात, समोर भाकरी ठेवतात, पाया पडतात. झाकणाला मात्र कुणी हात लावत नाही. तशी रीत आहे.

"संपली," मी म्हणाले.

तनूने ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणि चिमाईच्या घरी झाकण काढून बघायला कोण गेलं होतं?"