घसाऱ्याची ओळ

"...आणि चूक दिसत असूनही जो गप्प बसला, त्याला किती दोष द्यायचा, सर?"

तारळेकर सर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोणाची चूक?"

"वैजयंता कुंभारची."

सरांचा हात थांबला...

मिरजेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरी श्रीनिवास मगदूम अकरा वर्षांनी येत होता. विद्यापीठाच्या वाणिज्य विभागाचा प्रमुख म्हणून आता तो जिथे बसायचा, तिथे एके काळी सर बसत. सर निवृत्त झाल्यावर दोन-तीनदा येऊन गेला, मग राहिलंच.

सरांनी ताट त्याच्याकडे सरकवलं. मगदूमनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. तशीच हातात धरून तो सांगू लागला.

सव्वीस वर्षांपूर्वी तो आणि वैजयंता लेखा आणि वित्त घेऊन एम. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. मगदूम हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. दुसऱ्याची वही नुसती चाळून आकडा कुठे चुकलाय ते तो सांगायचा, आणि सांगताना थोडा हसायचा. वैजयंता गारगोटीकडची, वीटभट्टीवाल्याची मुलगी. सावकाश लिहायची, पुन्हा पुन्हा तपासायची. त्या वर्षी पहिल्यांदाच ती त्याच्यापुढे गेली. दोनच गुणांनी.

पुढच्या संशोधनासाठी विभागातून एकालाच शिष्यवृत्ती मिळणार होती आणि ती प्रकल्पावर ठरणार होती. वैजयंताच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, मिळाली तर शीक, नाहीतर घरी ये, कुणाला तरी सांगून नोकरीला लावतो.

तिनं प्रकल्पासाठी बंद पडलेली एक तेलगिरणी घेतली होती. नवं यंत्र बसवलं तर ती चालेल का, हा प्रश्न. दोन महिने ती त्या गिरणीत जाऊन जुनी दप्तरं चाळत होती. लिहून झाल्यावर तिनं प्रकल्प आधी मगदूमला वाचायला दिला. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तीच सगळ्यांना सांगायची.

तिसाव्या पानावर चूक होती.

यंत्राचा घसारा तिनं नफ्यातून वजा केला होता, तिथवर बरोबर. पण घसारा म्हणजे यंत्राची झीज. त्या झिजेसाठी त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. म्हणून हाती येणारी रोकड काढताना तो परत मिळवावा लागतो. ती ओळच राहून गेली होती. तेवढ्यानं चालण्यासारखी गिरणी कागदावर बुडीत निघत होती.

मगदूमला ते पान उलटता उलटताच दिसलं.

"आणि मी तिला म्हणालो, छान झालंय."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. वैजयंतानं पान स्वतःकडे ओढून पुन्हा वाचलं. हे मला कसं दिसलं नाही, एवढंच म्हणाली. शिष्यवृत्ती मगदूमला मिळाली. ती गारगोटीला परतली, बाजार समितीत कारकून झाली, आणि तिथेच राहिली.

"हे आज का सांगतोयस?" सरांनी विचारलं.

गेल्या सोमवारी वैजयंताची मुलगी प्रवेशासाठी विभागात आली होती. समिधा तिचं नाव. अर्जावर मगदूमची सही हवी होती. आईनं नमस्कार सांगितलाय, म्हणाली. आईचा प्रकल्प तुम्हीच तपासून दिला होतात ना, असंही म्हणाली. आई अजून सांगते, चूक इतकी बारीक होती की मगदूमांच्या नजरेतूनसुद्धा सुटली.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही..."

"काहीच नाही?"

"सही केली, सर."

ती पोरगी खोलीतून बाहेर पडेपर्यंत त्याला तिच्याकडे बघवलं नव्हतं. आज एस.टी.त बसून येताना मात्र त्याच्या लक्षात आलं होतं, की आपण काही विचारायला निघालेलो नाही. तेव्हा तू लहान होतास, झालं गेलं सोडून दे, एवढं सरांच्या तोंडून ऐकायला निघालो आहोत.

सर तसं काही बोलले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले, आतल्या खोलीत गेले. बराच वेळ पुस्तकं सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वैजयंताच्या प्रकल्पाची काळ्या बांधणीची प्रत होती. त्यांनी तिसावं पान उघडून त्याच्यासमोर धरलं.

घसाऱ्याच्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं एक बारीक फुली होती. खाली तारीख.

ही परीक्षकांची खूण का, मगदूमनं विचारलं.

"माझं अक्षर विसरलास?"

त्यानं तारीख पुन्हा वाचली. तोंडी परीक्षेच्या तीन दिवस आधीची होती. परीक्षेच्या दिवसापर्यंत पान बदलून द्यायची मुभा असे...

सव्वीस वर्षं त्याला वाटत आलं होतं, की ही गोष्ट जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे.

"प्रत देताना ती म्हणाली होती," सर हळू आवाजात म्हणाले, "मगदूमनं वाचलाय, सर. आता काळजी नाही."

"म्हणजे तुम्हाला चूक दिसली होती. मला दिसलीय हेही कळलं होतं."

"हो."

"मग तुम्ही तिला का नाही सांगितलंत?" सरांसमोर त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी तिच्या बरोबरीचा होतो, माझ्या पोटात दुखत होतं. तुम्ही तिचे शिक्षक होता, सर. एका ओळीचं तर काम होतं."

सरांनी प्रत मिटली नाही. त्यांचं बोट त्या फुलीवरच होतं.

"तीन दिवस मी विभागात दिवेलागणीपर्यंत बसत होतो, मगदूम. तू येऊन सांगशील म्हणून."