दारात उभा दिग्दर्शक

“...आणि त्या वेळी तू खोलीत होतास, की दारात?” चोंगो सुनिमनी विचारलं.

“दारात,” सोकजू म्हणाला. “ते दृश्य दारातूनच उत्तम दिसतं.”

सुनिम हातातलं फळ सोलत राहिले.

सुनिम ही कोरियात भिक्षूंना आदरानं मारायची हाक. चोंगो सुनिम दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका लहान विहाराचे प्रमुख होते. वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला वाटावं यांना आपला राग आलाय.

समोर बसलेला तक सोकजू मात्र बोलण्यावरच जगणारा. सिनेमा दिग्दर्शक, आणि स्वतःच्या पटकथा स्वतःच लिहिणारा. राजधानी सोलच्या टॅक्सीवाल्यांनाही त्याचा चेहरा ओळखू यायचा. आज सकाळी स्वतः गाडी हाकत तो इथवर आला होता. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच सुनिमनी त्याच्या हातात सुरी दिली आणि टोपली पुढे सरकवली होती. शरद ऋतू होता, आणि त्या दिवसांत विहारात कोणालाच हात बांधून बसायची सोय नव्हती.

गाम नावाचं ते फळ. दिसायला टोमॅटोसारखं, पण कच्चं खाल्लं तर इतकं तुरट की जीभ आखडून जावी. सोलून, दोऱ्यात ओवून वळचणीला टांगलं की थंडीवाऱ्यात हळूहळू सुकतं आणि गोड होतं. ओसरीभर अशा माळा लोंबत होत्या.

“माझा प्रश्न साधा आहे, सुनिम,” सोकजू म्हणाला. “खरं घडलेलं दाखवणं, हे पाप आहे का?”

“कुणाला दाखवणं?”

“लोकांना. पडद्यावर.”

“मी सिनेमे बघत नाही.”

“एक बघितला होतात. माझा पहिला.”

“हो, आठवतंय. झोप फार छान लागली होती.”

सोकजूला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

तो पहिला सिनेमा याच विहारात लिहिला गेला होता. त्या देशात ही जुनी रीत आहे. परीक्षेला बसणारे, लिहिणारे असे लोक विहारातली मागची एखादी खोली घेऊन राहतात. दोन वेळचं साधं जेवण मिळतं आणि कोणी कटकट करत नाही. सोकजू आला तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. बरीच वर्षं मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या खुर्च्या उचलून आणि शिव्या खाऊन झाल्या होत्या. स्वयंपाकघरामागच्या खोलीत एक अख्खा हिवाळा काढून त्यानं पटकथा पुरी केली. सिनेमा आला, थिएटर रिकामं राहिलं, सिनेमा गेला.

दुसऱ्या सिनेमात मात्र त्यानं आपल्या बापाला घेतलं. दारूपायी दुकान बुडवणारा बाप, जसाच्या तसा. तो सिनेमा परदेशी महोत्सवात गाजला, बक्षीस घेऊन आला. मग सोकजूला वाट सापडली. पुढच्या सिनेमात बायको आली. आपलं स्वयंपाकघरातलं भांडण शब्दन् शब्द पडद्यावर ऐकून ती थिएटरमधून परस्पर माहेरी गेली, ती गेलीच. त्यापुढच्यात एक मित्र आला, धंद्यात पार बसलेला. तो मित्र आजही भेटला की वाकून नमस्कार करतो, पण थांबत नाही.

लोक म्हणत, सोकजूच्या सिनेमात खोटं काही नसतं. जवळची माणसं म्हणत, सोकजूच्या शेजारी जेवायला बसू नये.

तरी माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. बापावरचा सिनेमा लिहिताना तो हमसून हमसून रडला होता. बायकोबद्दल त्यानं कधी उणादुणा शब्द काढला नाही. त्याला मनापासून वाटायचं की आपण जे पाहिलं ते वाया जाऊ नये, कोणीतरी ते जपून ठेवलं पाहिजे. एखाद्याला जीव लावायचा म्हणजे त्याच्याकडे नीट बघायचं, एवढंच त्याला येत होतं.

“पाप म्हणतो कोण?” सुनिमनी विचारलं.

“माझी ताई.”

“मिरान.”

“तुम्हाला नाव आठवतंय?”

“तू इथे होतास तेव्हा तुझ्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आली होती. एवढा घाट चढून.”

सोकजूनं टोपलीतलं पुढचं फळ घेतलं. मोजे त्याच्या लक्षात नव्हते.

गोष्ट अशी होती. सोकजूची आई अंथरुणाला खिळली ती काही वर्षं तशीच होती. एक अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. सोकजू सोलमध्ये सिनेमे करत होता, घरी कधीमधी डोकावून जायचा, आणि आईचं सगळं मिरान करत होती. मागच्या वर्षी आई गेली. सोकजूनं त्यावर पटकथा लिहिली, एका बैठकीत लिहावी तशी सरसर. त्यातलं एक दृश्य तर असं उतरलं होतं की सोबतचे लोक वाचून सुन्न झाले. अभिनेत्री ठरली. शूटिंगच्या आधी तिकडे डुकराचं मुंडकं मांडून पूजा करतात, तीही पार पडली.

आणि सोकजूनं ती पटकथा कौतुकानं ताईला पाठवली. तिला अभिमान वाटेल, अशी त्याची समजूत होती. असली चूक करायला सोकजूच असावं लागतं.

तिचा फोन आला. रडणं नाही, ओरडणं नाही. “ते दृश्य सिनेमात दिसलं तर मला भाऊ नव्हता असं मी समजेन,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

ते दृश्य परवा घ्यायचं होतं. घरात रक्ताचं माणूस आता तेवढंच एक उरलं होतं. म्हणून सोकजू घाट चढून आला होता. सुनिमनी ‘पाप नाही’ असं म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. ते दोन शब्द खिशात घातले की तो मोकळा होणार होता.

“मला ते दृश्य पहिल्यापासून सांग,” सुनिम म्हणाले.

सोकजूनं सुरी खाली ठेवली. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि तिच्यातून अंगणाकडे बघत सांगू लागला.

“संध्याकाळ. लहानशी खोली. दार अर्धवट उघडं. मुलगी आईला पेज भरवतेय. आईचा हात लागतो, वाटी कलंडते. धुतलेल्या चादरीवर पेज. मुलगी चादर बदलते. पुन्हा वाटी भरते. पुन्हा तेच. मुलगी भांडत नाही, काही नाही. जमिनीवर बसते. आणि अगदी हळू आवाजात म्हणते, ‘जा ना आता, आई... सुटू दे मला.’”

त्याचा आवाज बदलला होता. सोल, फोन, ताई, सगळं मागे पडलं होतं.

“म्हणते, आणि स्वतःच दचकते. आईच्या मांडीत तोंड खुपसते. आणि मग, सुनिम, आईचा तो एक चालणारा हात उठतो. चाचपडत चाचपडत मुलीच्या डोक्यावर येतो. थोपटायला लागतो...”

तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते आणि चमकतही होते.

“असं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.”

सुनिमच्या सुरीखालून सालीची लांब पट्टी उतरत होती.

“मुलीच्या मागे कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. भिंत.”

“तू तर दारात होतास.”

“दारात कॅमेरा आहे, सुनिम. पटकथेत मी नाही. मी स्वतःला काढून टाकलंय. माझी गरजच नव्हती तिथे.”

“कुणाला?”

सोकजूनं बोटांची चौकट खाली घेतली.

“दृश्याला,” तो जरा तुटकपणे म्हणाला. “तुम्हाला कळत नाहीये. मी आत पाऊल टाकलं असतं तर सगळं मोडलं असतं. ताई डोळे पुसून उठली असती. आईचा हात वर आलाच नसता.”

“मग तू आत गेला नाहीस.”

“नाही.”

“नंतर गेलास?”

“...नाही.”

“कुठे गेलास?”

“गाडीत जाऊन बसलो. विसरायच्या आत सगळं उतरवून काढलं. मग... मग उशीर झाला होता, दुसऱ्या दिवशी सेटवर काम होतं. तसाच सोलला परतलो.”

हे तो पुढे मुलाखतींत सांगायचा बेत करून बसला होता. कलावंताची निष्ठा वगैरे. इथे ओसरीवर बोलून दाखवल्यावर ते कानाला वेगळंच लागलं. त्यानं घाईघाईनं सुरी उचलली आणि एक फळ घेतलं.

बराच वेळ दोघं सोलत राहिले.

मग सुनिमच्या हातातली सुरी सटकली.

मोतीबिंदूमुळे असेल, थंडीनं बोटं आखडली होती म्हणून असेल. अंगठ्यावर चांगला खोल घाव बसला. सुनिमच्या तोंडून आवाज निघाला नाही. त्यांनी अंगठा वर धरला. रक्ताची धार मनगटावरून उतरून राखाडी झग्याच्या बाहीत शिरली. दोन थेंब सोललेल्या फळावर पडले.

माळांच्या मधून ऊन येत होतं. नारिंगी फळ, त्यावर लाल थेंब, मागे तो सुरकुतलेला शांत चेहरा.

सोकजू बघत होता. हात असाच राहू दे, हलवू नका, असं त्याच्या मनात आलं. डाव्या बाजूनं ऊन जास्त चांगलं पडलं असतं, म्हणून तो किंचित डावीकडे सरकला.

सुनिम त्याच्याकडे बघत होते. हात त्यांनी तसाच धरला होता.

“नीट दिसलं का?” त्यांनी विचारलं. “की आणखी एकदा कापू?”

आवाजात राग नव्हता. आणखी थोडा चहा घेणार का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

सोकजू धडपडत उठला. टोपली लवंडली, फळं ओसरीवरून अंगणात घरंगळली. खिसे चाचपून त्यानं रुमाल काढला आणि सुनिमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थंडगार होता. रक्त थांबेना. त्यानं रुमाल दाबून धरला.

“माफ करा... माफ करा, सुनिम... मला... मी बघतच राहिलो...”

“हं.”

“मला दिसत होतं तुम्हाला लागलंय ते. दिसत होतं!”

“हं.”

तो गुडघ्यांवर बसला. सुनिमचा हात सोडायची त्याची हिंमत होत नव्हती. आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं.

“तिनं मला पाहिलं होतं.”

“कोणी?” सुनिमनी विचारलं.

“ताईनं. आईच्या मांडीवरून डोकं उचललं, तेव्हा तिनं दाराकडे पाहिलं. मी तिथे होतो. तिला वाटलं मी आत येतोय. तिनं हातसुद्धा पुढे केला, सुनिम... एवढासा. आणि मी बाजूला झालो. अंधारात सरकलो. ते मी पटकथेत लिहिलं नाही. ते कुणालाच सांगितलं नाही.”

आता तो लहान मुलासारखा रडत होता. पडद्यावर असं रडणं त्यानं कधीच ठेवलं नसतं, नाक वाहत होतं, शब्द अर्धे गिळले जात होते. या रडण्यात बघणारा कोणी उरला नव्हता.

“माझी गरज होती तिथे,” तो म्हणाला. “मला आत जायला हवं होतं.”

रडता रडता तो रुमालाचे वेढे देत होता. एक वेढा, त्यावर आणखी एक, मग गाठ, गाठीवर गाठ. जणू एवढं एक काम नीट झालं तर बाकीचं सगळं भरून निघणार होतं.

“आता मी काय करू, सुनिम? ते दृश्य काढून टाकू?”

सुनिम अंगणात घरंगळलेल्या फळांकडे बघत होते.

“सिनेमाच सोडून देऊ? की तिच्याकडे जाऊ? ती दार तरी उघडेल का? ...सांगा ना काहीतरी. तुम्ही म्हणाल तसं करीन.”

त्यानं दातांत धरून गाठ आणखी ओढली.

सुनिमनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. रक्त थांबलं होतं. नख निळं पडत चाललं होतं.

“फार आवळलंस,” ते म्हणाले. “जरा सैल कर... बोट जिवंत आहे अजून.”