आक्कांचं माप

त्या राज्यात थांबायची सोय नव्हती. राजाही नव्हता. वरून दोन पाय यायचे, एक खाली दाबायचा तेव्हा दुसरा वर जायचा, आणि त्यांच्या मर्जीने सगळं राज्य फिरायचं. पायांना जायचंय कुठे, हे कधी कुणी विचारलं नाही. विचारून करायचं काय? रस्ता पुढून येत होता आणि मागे जात होता, आणि आपण त्यात गळून पडायचं नाही एवढंच ज्याला त्याला कळत होतं.

पायांच्या अगदी जवळ थोरले बसत. थोरले म्हणजे मोठं दातेरी चाक. दात चव्वेचाळीस, अंग रुंद, आवाज भारदस्त. मागे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, धाकटी असायची. ती अठरा दातांचं लहान चाक. थोरल्यांनी एक फेरी घेतली की धाकटीला जवळजवळ अडीच घालाव्या लागत. घरोघरी असंच असतं म्हणा. दोघांच्या मध्ये एकशे बारा कड्यांची साखळी होती आणि तिला सगळे आक्का म्हणत. थोरल्यांची ताकद मागे पोचायची ती आक्कांच्या अंगावरून. आक्का नसत्या तर थोरले जागच्या जागी गरगरले असते आणि धाकटी नुसती उभी राहिली असती. हे आक्कांना ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

झिजण्याचा कायदा फार जुना होता. तीन साखळ्यांमागे एक धाकटी, आणि तीन धाकट्यांमागे एक थोरले. म्हणजे साखळीचं माप भरलं की तिने उतरायचं, दुसरी यायची, तिचं भरलं की तिसरी. तिघी वेळेवर उतरल्या तर धाकटी तिघींचं आयुष्य बघायची. आक्का ह्या धाकटीच्या पहिल्याच. तिच्या वाट्याच्या अजून दोन साखळ्या यायच्या होत्या, आणि त्या कशा असतील, बोलक्या असतील की अबोल, याचा ती फिरता फिरता विचार करायची.

वेळ झाली की नाही हे मापाडी ठरवायचा. मापाडी म्हणजे एक सपाट पोलादी गृहस्थ, हसणं माहीत नसलेला, एका टोकाला एकच दात. दर दोनशे कोसांनी तो यायचा आणि साखळीच्या कड्यांमध्ये आपला दात टेकवायचा. दात वर अडला तर साखळी मापात. आत पडला तर वाढली. वीतभर लांबीत तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी वाढ झाली की निकाल लागला. आता लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक खिळी आपल्या भोकात फिरून फिरून इवलीशी झिजते, आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून साखळी लांबते. जिची तिला कळतही नाही. उलट अंग मोकळं झाल्यासारखं वाटतं.

चौथ्या खेपेला मापाड्याचा दात वर अडला खरा, पण जरा डुगडुगला.

"मापात आहात, आक्का," तो म्हणाला. "पण पुढच्या खेपेची तयारी ठेवा."

झालं! त्या दिवसापासून आक्कांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. खड्डा आला की त्या उसळून दांडीवर आपटत. सपाटीवर उगाच कुरकुरत. एखादी कडी जरा अडखळली की सगळ्या कड्यांवर ओरडत. बिचारी धाकटी घाबरून जास्तच नीट फिरू लागली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

चढावर आणि सपाटीवर कुणाला बोलायला सवड नसे. राज्यातलं सगळं बोलणं उतारावर व्हायचं. उतार लागला की पाय थबकत, थोरले थबकत, आक्का थबकत, फक्त धाकटीच्या पोटात टकटक चालू राही. त्याला विसावा म्हणायचं तर म्हणा, रस्ता तेव्हा दुप्पट वेगाने मागे पळत असायचा. अशाच एका उतारावर आक्कांनी विषय काढला.

"मी उतरले तर ह्या पोरीचं कसं व्हायचं, दादा? तिला फिरायचं वळण मी लावलं. उद्या कुणीतरी येणार, ना ओळख ना पाळख."

"छे छे, भलतंच काय बोलता!" थोरले म्हणाले. "तुम्ही आहात म्हणून ही घडी बसलीय."

थोरल्यांच्या मनात निराळंच होतं. साखळी उतरली की हात येतात, फडकं येतं, आणि मग थोरल्यांच्या दातांवरूनही कुणीतरी अंगठा फिरवून बघतं. त्यांच्या दोन-चार दातांना अलीकडे झिजून धार आली होती आणि अंगठ्याला ती लागली असती. आक्का जागेवर तर अंगठा लांब, एवढा साधा हिशोब होता. म्हणून त्यांनी आवाज खाली आणून आक्कांना एक उपाय सांगितला. बारीक रेती जुन्या तेलात मुरली की तिचा लगदा होतो. तो सांध्यासांध्यात बसला की अंग आवळतं, आणि मापाड्याच्या दाताला शिरायला फट उरत नाही.

"अंगात रेती घ्यायची?" आक्का दचकल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, आक्का."

मग धुळीची वाट लागली की आक्का मुद्दाम सैल होऊन खाली लोंबू लागल्या. चाकाने उडवलेली रेती अंगावर घ्यायची, झटकायची नाही, तेलात मुरवायची. आठ दिवसांत त्या काळ्याकुट्ट आणि ताठ झाल्या. धाकटी सगळं बघत होती. तिने विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "तुझ्यासाठीच करतेय गं हे सगळं," आणि धाकटीला गहिवरून आलं. आपल्यासाठी कुणी इतकं करतं, हे तिला नवीन होतं.

मापाडी आला. काळा लगदा बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"जरा पुसून घेतो," तो म्हणाला.

"पुसून?" थोरले कडाडले. "आक्कांना? अहो, वडीलधाऱ्यांना पुसून मोजायची चाल आहे का आपल्यात? काल आलेल्या पोरीसोरींना पुसा खुशाल!"

चाल खरोखरच नव्हती. थोरामोठ्यांना आहे तसं मोजायचं, असाच रिवाज होता, आणि मापाडी झाला तरी रिवाजाबाहेर जायची त्याची छाती नव्हती. त्याने लगद्यावरच दात टेकवला. दात वर अडला. "मापात," तो पुटपुटला आणि निघून गेला. राज्यात आनंदीआनंद झाला. थोरल्यांनी त्या उतारावर आक्कांच्या सेवेबद्दल एक लांबलचक भाषण केलं.

रेतीला मात्र कुणाचं वय कळत नाही. ती आक्कांच्या सांध्यात बसली ती नुसती बसून राहिली नाही, दर फेरीला खिळ्या खात गेली. आक्का आतून भराभर वाढल्या. वाढलेली प्रत्येक कडी धाकटीच्या दाताच्या बुडाशी बसायची सोडून वर वर चढून बसू लागली आणि तिथून त्याला पुढे ओढू लागली. धाकटीचे दात मुळात दोन्ही बाजूंनी सारखे होते. ते एका अंगाला कलले, मग बारीक झाले, मग त्यांची टोकं विळ्यासारखी वळली.

"आक्का, टोचतं हो मला," एका उतारावर धाकटी म्हणाली.

"मला तर काहीच होत नाही," आक्का म्हणाल्या. "फार नाजूक झालीस तू. सवय कर."

धाकटीने सवय केली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढे खरोखरच टोचेनासं झालं. जेवढ्या आक्का वाढत, तेवढे तिचे दात त्यांच्याप्रमाणे वाकत. फिरणं इतकं गुळगुळीत झालं की थोरले ज्याला त्याला सांगू लागले, बघा, जुनं ते सोनं!

सहाव्या खेपेला मापाड्याने पुन्हा लगद्यावरच माप घेतलं, पण जाता जाता तो धाकटीपाशी थबकला. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "पोरी, खरं सांग. दातांना काही त्रास? आत्ता सांगितलंस तर आत्ताच काहीतरी करता येईल. तुझ्या दोन साखळ्या अजून यायच्यात."

धाकटीला सगळं कळत होतं. आपण एक शब्द बोललो की आक्का आज उतरणार. नाही बोललो तर त्या दोघी कधीच येणार नाहीत. तिला रडू फुटायला आलं होतं. तेवढ्यात एकशे बारा कड्या एकदम गप्प झाल्या आणि त्या गप्प राहण्याचं ओझं तिच्या अठरा दातांवर आलं.

"काही त्रास नाही, काका," ती म्हणाली. "आक्का आहेत म्हणून मी आहे."

आक्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मापाडी गेला.

त्यानंतर तीनच दिवसांनी घाट लागला. पाय उभे राहून दाबू लागले. अर्ध्या चढावर आक्का धाकटीच्या बारीक झालेल्या टोकांवरून घसरल्या, खडाक् करून एकदम तीन दात पुढे गेल्या, पाय निसटले आणि राज्य आडवं झालं. पहिल्यांदाच सगळं थांबलं. वर आलेलं एक चाक तेवढं हवेत फिरत राहिलं.

हात आले. त्यांना राज्यातले रिवाज माहीत नव्हते. त्यांनी आक्कांना उचललं आणि सरळ रॉकेलच्या पातेल्यात बुडवलं. लगदा सुटला, रेती तळाशी बसली, आणि आक्का इतक्या लुळ्या होऊन बाहेर आल्या की थोरल्यांनी नजर फिरवली. मग मापाड्याला बोलावलं. त्याने दात टेकवला आणि तो खांद्यापर्यंत आत गेला.

"अरे देवा," मापाडी म्हणाला. "इतके दिवस मी चिखल मोजत होतो."

त्याच दिवशी नवी साखळी आली. तेलाने चमकणारी, लाजरी, प्रत्येक कडी जिथल्या तिथे. तिने थोरल्यांना वाकून नमस्कार केला आणि धाकटीला ताई म्हणाली. धाकटीला फार आनंद झाला. आक्का गेल्याचं दुःख होतं, नव्हतं असं नाही. पण ही दुसरी आली होती, म्हणजे अजून तिसरीही यायची होती, म्हणजे आपण वाचलो, असं तिला वाटलं.

सपाटीवर सगळं बरं चाललं. पहिला चढ लागला आणि खडाक्. दुसरा चढ, पुन्हा खडाक्.

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात," थोरले गरजले. "हिचा तर एकही धड नाही! आक्का असत्या तर असं झालं असतं का?"

"मी मापात आहे हो," नवी कळवळून म्हणाली. तिची आसवं तेलात मिसळत होती. "वाटलं तर पुसून मोजा मला. ताई, मी तुमच्या दातांत बसायला जाते आणि तुम्ही मला धरतच नाही. माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही गं," धाकटी म्हणाली. तिने परत एकदा जीव तोडून प्रयत्न केला. एक कडी बसली की दुसरी वर राहायची, दुसरी बसवावी तर तिसरी उडायची. "मला धरताच येत नाही तुला. मला फक्त त्यांनाच धरता येतं." आणि मग तिला भयंकर संताप आला. आक्कांचा आला, थोरल्यांचा आला, आणि त्या सहाव्या खेपेच्या स्वतःच्या उत्तराचा सगळ्यांत जास्त आला.

हात पुन्हा आले. एक अंगठा धाकटीच्या दातांवरून फिरला, वळलेल्या टोकांवर अडकला, आणि थोरल्यांपर्यंत न जाता तिथेच थांबला. दुपारपर्यंत तिच्या जागी दुसरी धाकटी बसली होती, कोरी करकरीत. नवी तिच्या दातांत अलगद उतरली आणि राज्य फिरू लागलं. पहिल्याच उतारावर थोरल्यांनी त्या दोघींना आक्कांच्या थोर आठवणी सांगायला सुरुवात केली.

इकडे हातांनी पसारा नको म्हणून आक्कांना धाकटीभोवती गुंडाळलं आणि दोघींना परसातल्या ढिगावर टाकून दिलं. धाकटीला बाजूला व्हायचं होतं. पण आक्कांची कडी न् कडी तिच्या दातादातात जाऊन बसली, कुठे फट नाही, कुठे घसरणं नाही.

"बघ," आक्का मायेने म्हणाल्या, "अजूनही कशी बेतल्यासारखी बसतेस माझ्यात."



आठवड्याने भंगारवाला आला. साखळ्या एका पोत्यात, चाकं दुसऱ्या पोत्यात, अशी त्याची वाटणी होती. त्याने आक्कांचं टोक धरून हिसका दिला. धाकटीने आधी अंग सैल सोडलं, मग होतं नव्हतं तेवढं बळ लावून स्वतःला मागे खेचलं. विळ्यासारखी वळलेली अठरा टोकं कड्यांमध्ये अडकून बसली होती. भंगारवाल्याने अजून एकदा हिसका दिला, मग पाय लावून ओढलं, आणि कंटाळून दोघींना तसंच उचलून साखळ्यांच्या पोत्यात टाकलं.