न खर्चलेलं नाणं

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. बाकीचे राजे परमुलखातून हत्ती आणत, राण्या आणत. हा आणायचा प्रत्येक देशाचं एक चांदीचं नाणं, आठवण म्हणून. त्याला भोक पाडून साखळीत ओवायचं आणि लेकीच्या, मृणालिकेच्या, गळ्यात घालायचं.

एकदा तो सातव्या डोंगरापलीकडच्या मायावी मुलखात जाऊन आला. तिथं राजा नव्हता, म्हणून नाणी कोरी, आरशासारखी. परतताना वेशीवरच्या नाकेदारानं बजावलं, "पाहुणे, उरलेलं नाणं इथंच खर्चा. बाहेर नेऊ नका." राजानं मान डोलावली आणि एक नाणं जोड्यात दडवलं. राजाचा जोडा तपासणार कोण?

ते नाणं लेकीच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी ती न्याहारीला आली, तेव्हा तिला नाक नव्हतं. जखम नाही, रक्त नाही. नुसतं सपाट, तुळतुळीत कातडं. आणि नाण्यावर तेच नाक, चाफेकळीसारखं, उमटलेलं.

तेवढ्यात खिडकीत एक भलामोठा धनेश पक्षी येऊन बसला. बाकदार चोच उघडून म्हणाला, "राजा, फिरतं नाणं शांत असतं. साठवलं की त्याला भूक लागते. ज्याचा चेहरा धरला, तो पुरा खातं. आज नाक, उद्या डोळे, परवा सूर्य बुडताना ओठ. मग पोरीला श्वास घ्यायला वाट उरायची नाही."

"उपाय?"

"ज्या मुलखाचं, त्याच मुलखात खर्च. बस पाठीवर."

राजानं साखळीतलं ते एकच नाणं काढून दोऱ्यात ओवलं, मुठीत घेतलं आणि पक्ष्याच्या पाठीवर बसला. दुसऱ्या सकाळी ढगांवरून जाताना मूठ ओली लागली. उघडून पाहतो तो नाण्यावर दोन डोळे. उघडे. त्याच्याकडेच पाहणारे, भरून आलेले. घरी लेकीला अंधार झाला होता, हे कुणी सांगायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना तो त्या बाजारात उतरला.

पहिलं दुकान गजऱ्यांचं. माळिणीनं नाणं पाहिलं आणि हात मागे घेतला. "ही कुठली राणी?"

"माझी लेक."

"मग नाही चालायचं."

दुसरं दुकान कासाराचं. त्यानं कानस काढली. "नाक-डोळे घासून देतो, पाहुणे. कोरं झालं की घेतो. दोन घटकांचं काम."

नाण्यावरचे डोळे गच्च मिटले. राजानं नाणं हिसकावलं आणि पळत सुटला.

तिसरं दुकान लाह्यांचं. म्हातारी टोपली झाकत होती. सूर्य डोंगराला टेकला होता, आणि नाण्यावर खालचा ओठ उमटून हलत होता, "आबासाहेब..."

"आजी, घ्या हो एवढं."

"पोरीबाळींचे चेहरे कोण घेतं रे? राजाचा असता तर घेतलं असतं. राजाचा कुठंही चालतो."

"आणि चेहरा बदलायचा असेल तर?"

"गळा बदलायचा. त्यात काय मोठंसं?"

राजानं दोरा स्वतःच्या गळ्यात घातला. नाण्याला राजा मिळाला, आणि इतका वेळ थांबलेली भूक एकदम उठली. नाक गेलं. डोळे गेले. ओरडावं म्हटलं तर ओठ नव्हते. छातीत श्वास घुसमटून धडका देऊ लागला. चाचपडत त्यानं दोरा तोडला आणि नाणं पुढे धरलं.

म्हातारीला काही घाई नव्हती. नाणं उलटंसुलटं करून पाहिलं असावं. मग दगडावर वाजवलं. ठण्. पुन्हा वाजवलं. "मिशी बरी आली आहे," ती म्हणाली. राजाचे गुडघे टेकले. कानांत समुद्र घोंगावू लागला. मग कुठं नाणं तिच्या गल्ल्यात पडल्याचा आवाज झाला.

आणि हवा आत आली. डोळे उघडले, तर समोर पदरानं वारा घालणारी म्हातारी आणि ओंजळभर लाह्या. त्यानं एकही न ठेवता तिथंच खाल्ल्या.

गेलेलं चेहऱ्यावर आलं, परक्याचं परक्या मुलखात राहिलं. धनेशानं राजाला अंगणात उतरवलं, तेव्हा मृणालिका दाराचा खांब धरून उभी होती, नाक-डोळ्यांसकट.

"आबासाहेब, तिथलं काही आणलंत?" तिनं दुरूनच विचारलं.

राजानं रिकामे तळहात पुढे केले. तिनं जवळ येऊन ते नीट निरखले, बोटांच्या बेचक्यांतूनही पाहिलं, आणि मग तिला रडू फुटलं.