शेवंती मांजर आणि खजिन्याची घंटा

रात्री खजिन्यातली घंटा वाजली की चोर शिरला असे समजावे, असा भैरवसेन महाराजांच्या राजवाड्यातला नियम होता. गेल्या महिन्याभरात ती एकशे बारा वेळा वाजली. एकशे बारा वेळा आत सापडली ती शेवंती, महाराजांची लाडकी मांजर.

खजिन्याच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर दोऱ्या ताणलेल्या होत्या. दोरीला जरा धक्का लागला की छताजवळच्या घंटा घणघणत. पहारेकरी भाले घेऊन धावत, मांजरीला बघत आणि परत जात. झोपमोडीने महाराजांचे डोळे लाल झाले, तेव्हा राज्यातली हुशार माणसे कामाला लागली.

सेनापतींनी दोऱ्या कमरेइतक्या उंच बांधल्या. शेवंती पेटाऱ्यावर चढून तिथेही पोचली. शिवाय दोऱ्यांखालून सेनापती स्वतः आरामात रांगत जाऊन आले, म्हणून त्या पुन्हा खाली घ्याव्या लागल्या. मग राजवैद्यांनी घंटांना कापूस गुंडाळला. त्या रात्री सगळ्यांना छान झोप लागली आणि सकाळी दोन चांदीच्या समया जागेवर नव्हत्या. खरा चोर आला तेव्हा घंटा शिस्तीत गप्प होत्या. शेवटी कारभारी विसाजीपंतांनी शेवंतीला समोर बसवून लेखी हुकूम वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. दरबारात तेवढेसुद्धा कोणी ऐकत नसे.

मांजर निर्दोष आहे हे महाराजांनी आधीच ठरवले होते, त्यामुळे दोषी दुसरा कोणीतरी शोधणे भाग होते. तो पहाऱ्याचा नाईक म्हादबा निघाला. महाराजांनी फर्मावले की पौर्णिमेपर्यंत खोटी घंटा बंद झाली नाही, तर म्हादबाने बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर जावे. मांजरीला बांधायचे नाही, कोंडायचे नाही आणि एकही दोरी काढायची नाही. पौर्णिमा दहा दिवसांवर होती.

घरी आल्यावर म्हादबा जेवलाच नाही. त्याच्या मुलीने, सगुणाने, ताटावर झाकण ठेवले आणि विचारले, “बाबा, घंटा वाजल्यावर मांजर पळते का हो?”

“पळतेय कसली! शेपटी पायांभोवती गुंडाळून बसते. दाराकडे बघत.”

“आणि दारातून कोण येतं?”

म्हादबाने कोण कोण येते ते सांगितले. सगुणाने ते दोनदा सांगायला लावले आणि सकाळी सरळ दरबार गाठला.

तिने महाराजांकडे आठ रात्री मागितल्या. सोबत एकच अट घातली, की या आठ रात्री विसाजीपंतांनी खजिन्याकडे फिरकू नये.

पंत लालबुंद झाले. “पोरी, मी कारभारी आहे. उंदीर नाही.”

“उंदीर असता तर मांजरीनंच थांबवलं असतं, पंत. तुम्हाला थांबवायला महाराजच लागतात.”

दरबारातल्या बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. महाराजांनी अट मान्य केली.

पहिल्या रात्री घंटा नऊ वेळा वाजली. दुसऱ्या रात्री चौदा वेळा. म्हादबाच्या बायकोने भांडी बांधायला घेतली. पंतांनी मोठ्या मनाने महाराजांना सुचवले, की म्हादबाला जाताना सरकारी बैलगाडी द्यावी. तिसऱ्या रात्री घंटा दोनदाच वाजली आणि चौथ्या रात्रीपासून वाजलीच नाही.

आठ रात्री सरल्यावर महाराजांना आनंदाऐवजी संशय आला. पुन्हा कापूस तर लावला नाही ना, हे बघायला त्यांनी सेनापतींना खजिन्यात पाठवले. सेनापतींनी पहिलेच पाऊल टाकले आणि असा गोंगाट झाला की पागेतले घोडे खिंकाळू लागले.

“मग मांजरीला काय केलंस?” महाराजांनी विचारले.

“काहीच नाही, महाराज. बिघाड मांजरीत नव्हताच.”

सगुणाच्या सांगण्यावरून दरबारातल्या दोन खांबांमध्ये दोरी ताणली आणि तिला एक घंटा बांधली. पंतांना हातात त्यांची नेहमीची चांदीची वाटी घेऊन लांब उभे केले. शेवंतीला आणले. तिने जांभई दिली. मग तिला पंत दिसले. ती शांतपणे दोरीपाशी गेली, पंजाने एक टोला दिला, शेपटी पायांभोवती गुंडाळून बसली आणि पंतांकडे पाहू लागली.

आणि भर दरबारात विसाजीपंत लगबगीने पुढे आले आणि त्यांनी वाटी तिच्यापुढे ठेवली.

“पंत,” महाराज म्हणाले, “तुम्हाला कोणी बोलावलं?”

पंत चाचरत सांगू लागले, की घंटेच्या आवाजाने बिचारी घाबरत असेल, म्हणून दर वेळी कोमट केशरी दूध द्यायचे, असा महाराजांचाच हुकूम आहे.

“महाराज,” सगुणा म्हणाली, “आपण टाळी वाजवली की एक हुजऱ्या येतो. ही घंटा वाजवते तेव्हा बारा भालेकरी येतात आणि मागून कारभारी दूध घेऊन येतात. ती का म्हणून थांबेल? पंत येईनात, तेव्हा तिनं दोन रात्री जोरात हाका मारून पाहिल्या, मग नाद सोडला. दूध तिला रोज संध्याकाळी देवडीवर मिळतच होतं, घंटेशिवाय. पहारेकरी घंटेसरशी धावत होते, पण रिकाम्या हातानं. सवय मोडायची होती ती पंतांची.”

महाराज आधी गंभीर राहिले. मग त्यांनी वाटी चाटणारी शेवंती पाहिली, वाटीजवळ वाकलेले पंत पाहिले आणि ते इतके हसले की मुकुट मांडीवर आला. म्हादबाच्या हद्दपारीचा हुकूम त्यांनी तिथेच फाडला. त्याला आठ दिवस नुसते झोपायची रजा दिली. सगुणाला ती चांदीची वाटी, सोन्याचे कडे आणि शेवंतीच्या दुधाचा सगळा कारभार दिला.

एवढ्यात घंटा पुन्हा वाजली. वाटी रिकामी झाली होती आणि दोरीपाशी बसलेली शेवंती आता सेनापतींकडे बघत होती.

पंत धडपडत उठले.

“बसा, पंत,” महाराज डोळे पुसत म्हणाले. “तुम्हाला नाही. सेनापतींना बोलावतेय.”